थोरलीनं माळ घालवला

आमच्या माहेरच्या घरात एक वाक्य पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं होतं. 'थोरलीनं माळ घालवला.' थोरली म्हणजे माझ्या वडलांची आजी, माझी पणजी. गावाच्या वरच्या अंगाला आमचा तीन एकर माळ होता, तो तिच्या काळात सावकाराच्या घशात गेला, एवढीच त्यामागची हकिकत. पण वाक्य सगळ्या कामाला चालायचं. आई म्हणाली, औंदा शेंगा एवढ्यात विकू नका, भाव चढंल, की आजोबा म्हणणार, "थोरलीनं माळ घालवला, आता तू शेंगा घालीव." मी अंगणवाडीत सेविका म्हणून लागले आणि पहिल्या मानधनातनं भिशी लावली, तर दादानं तेच ऐकवलं. हसत ऐकवलं, पण ऐकवलं.

या बाईचं नाव मात्र घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. माळ घालवला एवढं ठाऊक, नाव नाही.

2023 साली मी निवृत्त झाले. हातात वेळ आला, पैसा बेताचाच होता. त्यात मनानं घेतलं, की आपल्या घराण्याचं कूळमूळ एकदा शोधायचं. आता, काही घराण्यांचे जाडजूड कुलवृत्तांत छापलेले असतात, कुळाच्या पहिल्या पुरुषापासून अमेरिकेतल्या नातवापर्यंत. आमच्यासारख्या कुळवाड्याच्या घरात असलं पुस्तक कुठलं? आमचं पुस्तक म्हणजे हेळवी.

आमच्या कृष्णाकाठाला हेळव्याची ओळख सांगायला नको, पण पुण्या-मुंबईकडच्यांसाठी सांगते. कर्नाटकाकडनं दोन-तीन वर्षांतनं एकदा हा माणूस सुगीनंतर गावात येतो. पूर्वी बैलावर बसून यायचा, आता मोटरसायकलवर येतो. ज्या घराण्यांची वहिवाट त्याच्याकडं आहे त्यांच्या ओसरीवर बसतो आणि वही उघडून वंशावळ सुरात म्हणतो. मूळ गाव कुठलं, तिथनं कुठं आलात, देवक काय, कुळदैवत काय, कुणाला किती पोरं. नवी नावं लिहून घेतो आणि धान्य, भांडं, लुगडं, पैसे जे मिळेल ते घेऊन पुढच्या गावाला जातो. आमच्या हेळव्याच्या वहीत त्याच्या आज्याच्या हातचं अक्षर कानडी, बापाच्या हातचं मोडी आणि त्याच्या हातचं बालबोध. दादाच्या ओसरीवर त्यानं अकरा पिढ्या घडाघडा म्हटल्या. मी कणगीला टेकून ऐकत होते. संपल्यावर विचारलं, "मामा, यात बायकांची नावं?"

"लेकी दिल्या घरच्या, ताई."

"आणि आलेल्या?"

तो नुसता हसला. दादानं त्याला एक पायली शाळू आणि पाचशे रुपये दिले. अकरा पिढ्यांत एक बाई नाही, म्हणजे ही सगळी पोरं काय शेतात उगवली?

हेळव्याकडनं मला पणज्याचं, खापरपणज्याचं नाव मिळालं. पणजीसाठी दुसरीकडं जाणं भाग होतं.

कुणाला असा शोध घ्यायचा असेल तर मी सांगते, पहिले पंधरा दिवस घराबाहेर पडूच नये. काही खर्च येत नाही. मी चाळीस रुपयांची दोनशे पानी वही आणली आणि माळ्यावरची भांडी खाली काढली. तांब्या-पितळेच्या भांड्यावर नाव घालायची रीत होती. घागरीच्या गळ्याला, पराताच्या काठाला ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं असतं, कुणी कुणाला दिलं, कुठल्या लग्नात, कधी तारीखसुद्धा. चिंच लावून घासलं की अक्षर वर येतं. मला आमच्या एका घंगाळावर आजीच्या बापाचं नाव मिळालं आणि गावही. कागद असते तर आणखी मिळालं असतं. पण ऑगस्ट 2019 च्या पुरात दादाच्या घरात छातीएवढं पाणी होतं. ट्रंकेतल्या साऱ्याच्या पावत्या, जुन्या लग्नपत्रिका, सगळ्याचा लगदा झाला. भांडी राहिली. म्हणून म्हणते, घरात कागद असतील तर त्यांचे मोबाईलवर फोटो काढून ठेवावेत आणि दोन-तीन घरी पाठवून ठेवावेत.

मग माणसं. आमच्या घरातलं सगळ्यात जुनं माणूस म्हणजे माझी आत्ती, वडलांची धाकटी बहीण. दिलेली नदीपलीकडच्या गावात. आता बायकांना एसटीला अर्धं तिकीट, त्यामुळं जाऊन येऊन चहाएवढा खर्च. आत्तीला साल विचारून उपयोग नाही. तिला विचारायचं ते घडलेल्या गोष्टीवरनं. "प्रतिसरकारची माणसं रात्री जेवायला यायची, तवा तू केवढी होतीस?" "परातीत पीठ मळाय बसायची, पर भाकरी थापता येत नव्हती." म्हणजे सात-आठ वर्षांची. प्रतिसरकारचा जोर 1943 ते 46, म्हणजे जन्म पस्तीस-छत्तीसचा. असंच कोयनेचा भूकंप, तो 11 डिसेंबर 1967 चा, आणि बहात्तरचा दुष्काळ. या तीन खुंट्या ठोकल्या की खेड्यातल्या कुठल्याही माणसाचं वय मोजता येतं. शाळेच्या दाखल्यापेक्षा हे बरं. शाळेच्या जनरल रजिस्टरात आमच्या वडलांची जन्मतारीख 1 जून आहे, चुलत्याची 1 जून आहे, त्या वर्षी नाव घातलेल्या निम्म्या पोरांची 1 जून आहे. गुरुजींनी वय बघून साल टाकलं आणि तारीख सगळ्यांना एकच वाटून दिली. पण रजिस्टरात जात, गाव, पालकाचं नाव आणि शाळा सोडल्याचं कारण असतं. वडलांच्या नावापुढं कारण होतं, 'शेतीकाम'.

आत्तीला पणजीचं नाव विचारलं.

"थोरलीच म्हनायची समदी."

"अगं पण नाव?"

"माझ्या आईनं कवा तोंडातनं काढलं न्हाय. सासूचं नाव घेत्यात व्हय? आनि मी जन्मायच्या आदीच गेली ती. म्हस होती म्हनं तिची. दही-तूप इकायची. शेणी इकायची. लई कडक बाई."

"आणि माळ?"

"घालीवलाच की तिनं. तुझा आजा सांगायचा."

असं आत्तीपाशी येऊन गाडं अडलं. पुढं कागदच.

खेड्यात माणसाची नोंद जमिनीच्या कडेकडेनं होते. जमीन आहे तोवर नाव आहे. आजचा सातबारा संगणकावर पंधरा रुपयांत मिळतो, नुसता बघायचा तर फुकट. त्यावर आपल्या नावाशेजारी फेरफाराचे नंबर असतात, आणि तेच खरे धागे. प्रत्येक नंबर म्हणजे गाव नमुना सहामधली एक नोंद, कुणाचं नाव का आलं आणि कुणाचं का गेलं याची. आजच्या नंबरावरनं मागच्या फेरफाराला, त्यातनं त्याच्या मागच्याला, असं जिन्यागत खाली उतरत जायचं. मधे एक पायरी निसटते ती एकत्रीकरणाच्या वेळी. सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले, आणि माणसाला वाटतं धागा तुटला. तेव्हा एकत्रीकरण योजनेचा उतारा मागायचा, त्यात कुठल्या गटात कुठला जुना नंबर गेला ते असतं. आणि आमच्याकडच्यांनी आणखी एक ध्यानात ठेवायचं. आजचा आमचा सांगली जिल्हा तेव्हा सातारा जिल्ह्यात होता. 1949 ला दक्षिण सातारा वेगळा झाला आणि 1960 ला त्याचं नाव सांगली झालं. जुन्या कागदावर सातारा दिसलं म्हणून हे आपलं नव्हे असं समजून परत फिरू नये.

सातबाऱ्यावरची अक्षरं मला येत होती, कारण माझंही नाव त्यावर आहे. कंसात आहे. वडील वारले तेव्हा वारस म्हणून आम्हा बहिणींची नावं लागली, पुढं हक्कसोडपत्रावर सह्या झाल्या आणि नावाला कंस पडला. आम्हा लेकींची नावं सातबाऱ्यावर येतात ती बहुतेक कंसात जायलाच.

तालुक्याच्या रेकॉर्ड रूमला मी अर्ज केला, वर कोर्ट फी स्टँप लावून. ते 2023 च्या दिवाळीपुढचे दिवस होते. कुणबी नोंदी शोधायला सरकारनं न्यायमूर्ती शिंदे समिती नेमलेली, गावोगावची जुनी दप्तरं धूळ झटकून वर आलेली आणि कचेरीत ही गर्दी. प्रत्येकाला आपल्या आज्या-पणज्याच्या नावापुढचे दोन शब्द हवे होते. मला निराळं काही हवंय म्हटल्यावर शेजारचा पोरगा म्हणाला, "मावशी, बाईच्या नावाचा काय उपेग? दाखला तर पणज्याच्या नावावरच मिळतोय." खरंच होतं त्याचं.

आता जुने कागद मोडीत. मोडी वाचून देणारी माणसं पानामागं पैसे घेतात, आणि घ्यावेत, कारण काम डोळे फोडणारं आहे. पण मला दहा पानं वाचून घ्यायची ऐपत नव्हती. गावातले एक निवृत्त गुरुजी पुराभिलेख खात्याच्या मोडी वर्गाला जाऊन आलेले. त्यांच्याकडं मी दोन महिने संध्याकाळी जाऊन बसले, बदल्यात त्यांच्या म्हातारीच्या गुडघ्याला तेल लावून दिलं. मोडीत आधी ओळभर आडवी रेघ ओढायची आणि मग तिला अक्षरं टांगत जायची. शब्द कुठं तुटतो ते दिसत नाही, सगळं एका दमात वाहत जातं. सगळं वाचायला वर्षं लागतात. पण आपलं आडनाव, गावाचं नाव, 'मयत', 'वारस', 'मुलगा', 'आई', 'गहाण', एवढे पंचवीस-तीस शब्द ओळखायला शिकलं की आपलं पान आपल्याला सापडतं. सापडलेलं एक पान मग गुरुजींकडनं नीट वाचून घ्यायचं. नऊ पानांचे पैसे वाचतात.

फेरफाराआधी मी कोतवाल बुक बघितलं. गाव नमुना चौदा, जन्म-मृत्यूची नोंद. त्या कागदांना हात लावताना भीती वाटते, कडा पापडासारख्या मोडतात. मी आयुष्यभर अंगणवाडीत जन्ममृत्यूचं रजिस्टर भरलं, त्यामुळं रकाने परके वाटले नाहीत. 1918 सालचं बुक उघडलं. उन्हाळा, पावसाळा, महिन्याला तीन-चार मृत्यू, कधी पाच. दसऱ्याच्या महिन्यात आले आणि पान संपेना. एका तारखेला सहा. दुसऱ्या दिवशी नऊ. कारणाच्या रकान्यात एकच शब्द, ताप. पुढं लिहिणाऱ्यानं तोही सोडला आणि खाली नुसत्या दोन टिंबा दिल्या, वरीलप्रमाणे म्हणून. मानमोडी ती. मानमोडीची साथ हे लहानपणी कानावर पडलेलं, शिवीतही यायचं, 'मानमोडी आली तुला'. पण शिवी ऐकणं निराळं आणि आपल्या गावची माणसं ओळीनं लिहिलेली बघणं निराळं. मधेच अक्षर बदललेलं. आधीचा लिहिणारा आजारी पडला, की गेला, कुणास ठाऊक.

पणजोबा त्या पानांवर सापडले. वय बत्तीस, ताप. त्यांच्याखाली चौथ्या ओळीत पुन्हा तेच बापाचं नाव, पुढं 'मुलगी, वय 2'. तिचं नाव लिहिलेलं नव्हतं. अशी कुणी मुलगी होती हे आमच्या घरात आत्तीसकट कुणाच्या बोलण्यात कधी आलं नव्हतं. चार दिवसांत नवरा आणि लेक. मी ते पान बघत बसले. कारकून म्हणाला, "मॅडम, पाच वाजले."

फेरफाराची पानं हातात यायला पुढं अडीच महिने लागले. चार नोंदी आमच्या होत्या आणि गुरुजींनी त्या चष्म्यावर भिंग धरून वाचल्या.

पहिली 1916 ची. पणज्यानं माळाचा नंबर आणि विहिरीवरचा मळा, दोन्ही सावकाराला गहाण दिले. दुसरी 1918 च्या फेब्रुवारीची. माळाच्या गहाणाची मुदत संपली, फेड झाली नाही, माळ सावकाराच्या नावे. सही पणज्याचीच, म्हणजे अंगठा. मानमोडी यायला अजून आठ महिने होते. थोरली तेव्हा सधवा होती आणि घरात तिला कुणी विचारतही नसेल.

तिसरी वारसाची, 1919. मयताचे वारस दोन मुलगे, मोठा ए.कु.मॅ. म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. हा मॅनेजर तेव्हा दहा वर्षांचा, म्हणजे माझे आजोबा! म्हणून पुढं 'अज्ञान', आणि त्यापुढं तीन अक्षरं, अ.पा.क. अज्ञान पालन कर्ता. आणि त्यापुढं 'आई', आणि तिचं नाव.

मला हे आधी कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून इथं ठळकपणे सांगते. पणजी, खापरपणजीचं नाव हवं असेल तर घरात एखादा कर्ता पुरुष पोरं लहान असताना गेला का ते बघावं. त्या वारसनोंदीत अ.पा.क. पुढं बाई सापडते. नवरा म्हातारा होऊन मेला, पोरं मोठी होती, तर तीही नाही. सरकारला ती हवी होती ती फक्त पोरं सज्ञान होईपर्यंत सही करायला.

चौथी नोंद 1927 ची. विहिरीवरच्या मळ्याचं गहाण, अ.पा.क. आई हिनं रक्कम देऊन सोडवलं. सावकाराचा बोजा कमी. गुरुजींनी दोनदा वाचलं. मीही माझ्या डोळ्यांनी ते नाव आणि 'गहाण' हा शब्द एका ओळीत बघितले. मोठा पोरगा तेव्हा अठरा-एकोणीसचा झालेला, धाकट्याचं नाव अजून अज्ञानात.

ज्या मळ्यात आज दादाचा ऊस उभा आहे, तो मळा हा.

मी झेरॉक्स घेऊन दादाकडं गेले. तो कारखान्याच्या स्लिपा लावत बसलेला. सगळं वाचून दाखवलं. तो म्हणाला, "मग माळ कुनी घालवला?"

"पणजोबांनी."

"त्येंनी कशाला? सावकारानं लुबाडला आसंल." आणि पुन्हा स्लिपा मोजायला लागला. थोरलीला नव्वद वर्षं सावकाराची सवलत मिळाली नव्हती, पणजोबांना ती अर्ध्या मिनिटात मिळाली. आतनं वैनी पदराला हात पुसत आली आणि म्हणाली, "आक्का, त्यो म्हशीचा कागद पुन्यांदा वाचा." मी म्हटलं, कागदात म्हैस नाही, म्हैस आत्तीनं सांगितलेली. "न्हाय कशी? आठ वर्सं दूध इकल्याबिगर पैसं आलं कुठनं?" मी चौथी नोंद पुन्हा वाचली. मग तिनं तिच्या सुनेला हाक मारून तिसऱ्यांदा वाचायला लावली. दादानं टीव्हीचा आवाज वाढवला.

दुसऱ्या दिवशी आत्तीकडं गेले. तिला आता कमी दिसतं, कागद दाखवण्यात अर्थ नव्हता. मी तिच्या कानाशी जाऊन नाव सांगितलं.

ती काही बोलली नाही. मला वाटलं ऐकू गेलं नसेल, म्हणून पुन्हा सांगितलं.

"आयकलं. ते माझं नाव हाय."

आत्तीचं आधारवरचं नाव निराळं आहे. ते सासरी ठेवलेलं, लग्नातलं. माहेरी तिला सगळे 'बाय' म्हणायचे, आम्हीही बायआत्तीच म्हणायचो. मी म्हटलं, "तुझं कसं?"

"पाळन्यातलं. बारशाला मावळणीनं कानात कुर्र केलेलं. न्हाती झाल्यावर मावळणीनंच सांगितलं, तुझं खरं नाव ह्ये. कुनाचं ठिवलंय ते न्हाय सांगितलं." मग थोडा वेळ गेला. "आत्ता कळलं. म्हनून आई मला बाय म्हनायची व्हय? सासूचं नाव कसं घिईल ती."

म्हणजे नाव इतकी वर्षं घरातच होतं. आजीनं ते लेकीला ठेवू दिलं आणि आयुष्यभर तोंडानं उच्चारलं नाही. सासरी गेल्यावर तेही पुसलं गेलं. मी आत्तीला म्हटलं, मी हे सगळं लिहिणार आहे. "लिही, पर नाव घालू नगंस पुस्तकात," ती म्हणाली. म्हणून घातलेलं नाही.

खर्चाचं विचाराल, तर वहीत मांडलाय. वही, एसटी, स्टँप, नकलांची फी, झेरॉक्स, कचेरीसमोरचा चहा, सगळं मिळून नऊशे साठ रुपये, साताठ महिन्यांत मिळून. एका बऱ्या साडीचे पैसे. गुरुजींनी काही घेतलं नाही, त्यांना मी शेंगांची चटणी दिली ती धरलेली नाही.

आता तिचं माहेर राहिलंय. कागदात ते कुठंच नाही, असणारही नाही. पण त्या दिवशी मी निघताना आत्तीला तिच्या आईच्या जात्यावरच्या ओव्या आठवायला लागल्या. त्यात सासूच्या माहेरची एक ओवी होती, सासूचं नाव न घेता तिच्या गावाचं नाव घेतलेली. नदीच्या वळणावरचं गाव, घाटावर दोन पायऱ्या खचलेल्या आणि वर पिंपळ. गाव आमच्यापासनं तीस-बत्तीस किलोमीटर आहे. वैनी म्हणते मीही येते. सकाळची गाडी साडेसातला आहे.